फोन खाली ठेवला, पण बाहेर पडलात का?

स्क्रीनपासून सुट्टी घ्यायची म्हटलं की बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. सुट्टीच्या दिवशी फोन कपाटात टाकायचा आणि दिवसभर घरात पुस्तक वाचत लोळायचं. बेत वाईट नाही, पण डोळ्यांच्या आणि झोपेच्या दृष्टीने तो अर्धाच आहे. पुस्तकही हातभर अंतरावरच असतं आणि घरातला उजेड काही वाढत नाही. स्क्रीन बंद केल्याने त्रास थांबतो, पण दिवसभर घरात बसून जी उणीव साठते ती भरून काढायला बाहेरच पडावं लागतं.

बाहेर जाण्याचे फायदेही एकगठ्ठा मिळत नाहीत. डोळ्यांना लांबचं अंतर लागतं, झोपेला सकाळचा उजेड लागतो आणि थकलेल्या डोक्याला शांत जागा आणि मोकळे कान लागतात. रात्री आठला इअरफोन लावून, मधूनमधून फोन बघत मारलेल्या फेरीत पायांना व्यायाम होतो. बाकी तिघांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. म्हणून आधी कोणाला काय लागतं ते पाहू, वेळापत्रक त्यानंतर.

डोळ्यांना काय लागतं

जवळचं बघताना डोळ्याच्या आतल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. ४० सेंटिमीटरवरचा मजकूर वाचायला निरोगी डोळ्याला साधारण २.५ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) इतका जोर लावावा लागतो. फोन २५ सेंटिमीटरवर आणला की तोच जोर ४ डायॉप्टरवर जातो. शिवाय दोन्ही डोळे सतत नाकाकडे वळलेले ठेवावे लागतात ते वेगळंच. नजर ६ मीटरच्या पलीकडे गेली की हा जोर जवळजवळ शून्यावर येतो. खोलीत एवढं अंतर सहसा मिळत नाही. त्यामुळे समोरच्या भिंतीकडे बघून 'डोळ्यांना विश्रांती दिली' असं समजण्यात फार अर्थ नाही. निदान खिडकीतून बाहेर बघावं, आणि बाहेरच जाता आलं तर फारच उत्तम.

दुसरी गोष्ट पापण्यांची. एरवी पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं आणि लवलेली पापणीही पुष्कळदा अर्धवटच मिटते. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पापणी पूर्ण मिटली की त्यांच्यातलं तेल अश्रूंच्या थरावर पसरतं आणि अश्रू लवकर सुकत नाहीत. अर्धवट मिटण्याने तेल पसरत नाही, थर फाटतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. मग डोळा बचावासाठी एकदम पाणी सोडतो. डोळ्यांतून पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे कसे असतील, असं वाटून लोक फसतात ते इथेच.

यावर घरबसल्या करता येण्यासारखं इतकंच: तासातून एकदा डोळे हलकेच मिटून दोन सेकंद थांबा, मग जरा दाबून दोन सेकंद थांबा आणि उघडा. असं दहा वेळा करा. पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली ठेवा. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. बाहेर जातानाही हेच भान ठेवायचं. भणाणता वारा असेल तर कोरड्या डोळ्यांचा त्रास वाढतोच, अशा दिवशी साधा का होईना, चष्मा लावावा.

२०-२०-२० चा नियम आता सगळ्यांना पाठ आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद बघा. आकडे लक्षात राहायला सोपे आहेत म्हणून टिकलेत, त्यात जादू काही नाही. नियम चांगला आहे. फसतो तो एकाच जागी. लॅपटॉपवरून नजर उचलली जाते आणि थेट फोनवर पडते. त्यामुळे २० मिनिटांचा नियम जमत नसेल तर तो सोडून द्या आणि दर तासाला पाच मिनिटं फोन टेबलावरच ठेवून बाहेर जा. गच्ची, अंगण, इमारतीचं फाटक, काहीही चालेल. तिथून दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू शोधायची आणि तिचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत बघायचं. मग जवळचं एखादं पान, मग पुन्हा लांबचं.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट ठाऊक असू द्या. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या चष्म्याच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं त्यात, निदान थोड्या मुदतीत तरी, दिसलं नाही.

मुलांच्या बाबतीत हिशेब आणखी पक्का आहे

मोठ्या माणसाचे डोळे स्क्रीनने थकतात, पण मुलांचा डोळा अजून वाढत असतो. तो गरजेपेक्षा लांब वाढला की लांबचं धूसर दिसतं आणि मायनस नंबर लागतो. बाहेरच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ही लांबी आटोक्यात राहायला त्याची मदत होते, असं सध्या सर्वात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांमध्ये यावर रीतसर प्रयोग झाला. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर दिला, बाकी सहा शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. तीन वर्षांनी पाहिलं तर बाहेरच्या तासाच्या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता आणि इतर शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना. निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज १२० मिनिटं बाहेर घालवण्याची मोहीमच चालवली आहे.

ही १२० मिनिटं सलग लागत नाहीत. शाळेत चालत जाणं-येणं, मधली सुट्टी, संध्याकाळचा खेळ, सगळं मोजायचं. भर उन्हाचीही गरज नाही. झाडाच्या सावलीतही सहज १,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड असतो आणि तेवढा बराच उपयोगी पडतो. टोपी घातली तरी फायदा जात नाही. झाडाखाली बसून मूल टॅबलेट बघत असेल तर मात्र उजेड मिळाला, अंतर नाही, असा अर्धाच हिशेब जमतो. एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. हे सगळं नंबर लागू नये किंवा उशिरा लागावा यासाठी आहे. लागलेला नंबर बाहेर खेळल्याने उतरत नाही, तेव्हा चष्मा काढून ठेवण्याचा आग्रह मुलाला धरू नका.

झोपेसाठी हवा सकाळचा उजेड

घरात आपल्याला 'लख्ख उजेड' वाटतो तो किती असतो? दिवाणखान्यात संध्याकाळी १०० ते २०० लक्स, चांगल्या ऑफिसात ३०० ते ५००. बाहेर ढगाळ दिवशीही हजारोंनी आकडा येतो, मोकळ्या सावलीत दहा हजारांच्या आसपास आणि भर उन्हात एक लाखापर्यंत. डोळा इतक्या झटक्यात जुळवून घेतो की हा शंभर-हजार पटींचा फरक जाणवतच नाही. खात्री करायची असेल तर फोनवर लक्स मोजणारं एखादं अॅप टाका. आकडा ढोबळ येतो, पण तुलनेला पुरतो. स्क्रीन वर करून फोन खिडकीशी धरा, मग तीन पावलं आत या, मग दाराबाहेर जा. खिडकीपासून जरा आत आलं की आकडा किती धाडकन खाली येतो ते पाहून बहुतेकजण चकित होतात. मोजून झाल्यावर अॅप काढून टाका, नाहीतर तेच नवं खेळणं होऊन बसेल.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं हे नाहीच. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वात जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या मुख्य घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. सकाळचा उजेड हे घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. दिवसभर ३०० लक्समध्ये बसायचं आणि रात्री डोळ्यांसमोर स्क्रीन धरायची, यात घड्याळाला दिवस धड कळत नाही आणि रात्रही नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात केनेथ राइट यांच्या गटाने २०१३ मध्ये आठ जणांना उन्हाळ्यात एक आठवडा रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं. विजेचा दिवा नाही, फोन नाही, उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं हार्मोन मेलाटोनिन, ते वाढायला लागण्याची वेळ जवळपास दोन तास अलीकडे आली. उलट बाजूचा प्रयोग २०१५ चा: झोपण्यापूर्वी चार तास उजळलेल्या ई-रीडरवर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली आणि मेलाटोनिन दीड तास उशिरा आलं. पण मला जास्त कामाचा वाटतो तो स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग. तिथे लोकांना दिवसा साडेसहा तास चांगल्या उजेडात ठेवलं आणि रात्री दोन तास टॅबलेटवर वाचायला दिलं. कागदी पुस्तकाच्या तुलनेत मेलाटोनिनमध्ये फरक दिसला नाही. प्रयोग छोटा होता, १४ जणांचा. पण त्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते: रात्री मोबाइल सोडवत नसेल तर आधी दिवस उजळ करा. तेच सोपं जातं.

कसं करायचं? उठल्यावर तासाभरात बाहेर पडा. आकाश मोकळं असेल तर १५-२० मिनिटं, ढगाळ असेल तर अर्धा तास. नंबरचा चष्मा चालतो, काळा चष्मा शक्यतो नको. सूर्याकडे बघायचं नाही, कधीच नाही. उजेड आजूबाजूनेच पुरेसा येतो. काचेच्या खिडकीत बसून चहा घेणं म्हणजे हा कोटा भरणं नव्हे, कारण उजेड पुष्कळ कमी होतो आणि त्वचेत ड जीवनसत्त्व बनायला लागणारी उन्हातली यूव्हीबी किरणं काच अडवते, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीनेही उपयोग शून्य.

दोन प्रकारच्या लोकांनी मात्र हे जसंच्या तसं करू नये. रात्रपाळी करून सकाळी घरी झोपायला जाणाऱ्यांना सकाळचा उजेड उलटा पडतो. त्यांनी परतताना काळा चष्मा लावावा, अर्थात डोळ्यांवर झोप असताना गाडी मात्र चालवू नये. आणि ज्यांना आधीच रात्री आठला पेंग येते आणि पहाटे तीनला जाग येते, त्यांनी सकाळऐवजी संध्याकाळचा उजेड घ्यावा.

लक्ष कशाने थकतं

स्क्रीनवर काम करताना लक्ष खेचून एका जागी धरावं लागतं आणि बाकी सगळं सतत अडवावं लागतं. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने म्हटलं की ही अडवण्याची ताकद थकते. पानांची सळसळ, पाणी, ढग अशा गोष्टी लक्ष हलकेच धरून ठेवतात, त्यामुळे त्या ताकदीला आराम मिळतो. त्याच विद्यापीठात २००८ मध्ये याची चाचणी झाली. सुमारे ५० मिनिटांची एक फेरी वृक्षोद्यानातून, दुसरी शहराच्या रस्त्यावरून. नंतर ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगायचे. उद्यानातल्या फेरीनंतर लोकांना ते जास्त चांगलं जमलं, रस्त्यावरच्या फेरीनंतर तसा फरक पडला नाही. गंमत म्हणजे मूड किती सुधारला याच्याशी त्या सुधारणेचा संबंध नव्हता. म्हणजे फेरीत मजा आली पाहिजे अशी अटच नाही.

यातून इअरफोनचा प्रश्न सुटतो. पॉडकास्ट ऐकत चालणं वाईट नाही, पण त्यात लक्षाला सुट्टी नसते. डोळ्यांचं काम कानांवर ढकललेलं असतं. निदान एक फेरी मोकळ्या कानांनी करा. २०१९ मध्ये मिशिगनमध्येच झालेल्या एका अभ्यासात, निसर्गात २० ते ३० मिनिटं घालवताना ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल सर्वात वेगाने उतरताना दिसलं. तिथल्या अटी बघण्यासारख्या आहेत: फोन नाही, इंटरनेट नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत, दमवणारा व्यायामही नाही. पहिली दहा मिनिटं चुळबुळ होते, हात खिशाकडे जातो, घरी परतावंसं वाटतं. पुष्कळजण नेमके तेव्हाच परततात आणि 'मला काही फरक पडत नाही' म्हणतात.

फोनचं काय करायचं

फोन घरी ठेवून जा, हा सल्ला द्यायला सोपा आहे. घरात आजारी माणूस असतो, मूल शाळेत असतं, ऑफिसचा फोन येऊ शकतो. मग माणूस फोन घेऊन जातो आणि सगळंच फसतं. त्यापेक्षा फोन न्या, पण त्यातलं इंटरनेट काढा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६७ जणांच्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद करण्याचा बेत होता. कॉल आणि मेसेज चालू. एकाग्रता, मनःस्वास्थ्य आणि समाधान, तिन्ही सरासरीने सुधारलं. विशेष हे की पूर्ण दोन आठवडे नियम पाळणारे थोडेच होते, तरीही फरक दिसला. रिकामा झालेला वेळ लोकांनी प्रत्यक्ष भेटीगाठी, व्यायाम आणि बाहेर फिरणं यांत घालवला होता.

निघण्याआधी दोन मिनिटांचं काम: मोबाइल डेटा बंद, डू नॉट डिस्टर्ब चालू, आणि त्यात ज्यांचा कॉल यायलाच हवा अशा चार-पाच जणांना मुभा. 'पुन्हा कॉल केल्यास वाजू द्या' हा पर्याय चालू ठेवा. आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर १५ मिनिटांत त्याच व्यक्तीचा दुसरा कॉल आला तर फोन वाजतो, म्हणजे खरीच अडचण असेल तर कळतं. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर ते एकदाच कॉल करून काळजी करत बसतील. अनोळखी वाटेने जायचं असेल तर नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या आणि कुठे चाललात, कधी परतणार, हे एकाला सांगा.

फोन पिशवीच्या तळाशी टाका, खिशात नको. वेळ बघायला मनगटी घड्याळ लावा. 'किती वाजले' म्हणून फोन काढला की मागोमाग आणखी काहीतरी उघडलं जातं. तसंच फिरताना हमखास काहीतरी आठवतं, कोणाला कळवायचं असतं, काही आणायचं असतं. त्यासाठी छोटी वही आणि पेन्सिल. ही वही नसल्यामुळे जेवढ्या फेऱ्या वाया जातात तेवढ्या दुसऱ्या कशाने जात नसतील. फोटोचा मोह असेल तर तो परतीच्या वाटेवर काढा. सुरुवातीला काढलात की पाठवायचा कोणाला, याचाच विचार पुढची अर्धी वाट चालतो.

आठवड्याची मांडणी

इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. एकदम दोन तास की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. ही पाहणी आहे, प्रयोग नाही. ज्यांची तब्येत बरी तेच जास्त फिरत असतील, हीही शक्यता उरते. तरी लक्ष्य म्हणून आकडा सोयीचा आहे. सकाळची २० मिनिटं रोज जमली तर आठवड्याचे १४० इथेच झाले. त्यात कामाच्या दिवशी दुपारी दहा मिनिटं घाला, लांब बघण्यासाठी. आठवड्यातून एकदा तास-दीड तासाची फेरी झाडं किंवा पाणी असलेल्या ठिकाणी, मोकळ्या कानांनी. आणि रात्री फोनचं चार्जिंग झोपायच्या खोलीबाहेर. त्यासाठी वेगळं गजराचं घड्याळ आणावं लागेल, कारण गजर फोनमध्ये असेल तर फोन उशाशी येतोच.

सुरुवात मात्र सकाळच्या फेरीनेच करा आणि दोन आठवडे बाकी कशाला हात लावू नका. अख्खा दिवस स्क्रीनबंदी करणाऱ्यांचं सहसा असं होतं की दुसऱ्या दिवशी साठलेल्या मेसेजांपायी दुप्पट वेळ जातो आणि प्रयोग तिथेच संपतो.

हवामानाचं गणित रोजचं वेगळं. यूव्ही निर्देशांक (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ किंवा त्याहून वर असेल तर टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन लागतं. सकाळी लवकर तो बहुधा खाली असतो. हवा खराब असेल तर वर्दळीच्या रस्त्यापासून दूर जा, वेळ कमी करा, धावणं टाळा. दम्याच्या माणसाने अशा दिवशी घरातच खिडकीशी बसावं.

फरक पडतोय की नाही हे स्क्रीन टाइमच्या आकड्यावरून नीट कळत नाही, कारण कामाचे तासही त्यात मिसळलेले असतात. त्याऐवजी तीन गोष्टी वहीत टिपा: अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, संध्याकाळी डोळे चुरचुरले का, आणि दिवसात फोन किती वेळा उचलला. तिसरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये मिळतो. दोन आठवड्यांनी झोपेचा आकडा हललाच नसेल तर बहुधा फेरी उशिरा होतेय. ती तासभर अलीकडे आणा. डोळ्यांचा त्रास तसाच असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसायला लागणारा चष्मा कितीही फिरलं तरी टळत नाही. आणि डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वाढले, उजेड चमकल्यासारखा वाटला किंवा एका बाजूला पडदा आल्यासारखं झालं, तर तो स्क्रीनचा शीण समजून वाट बघू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.